चौतीस खुंट्या

११ जानेवारी

आणि वर मलाच म्हणतात वाकडा लावतोस म्हणून. मी! अख्ख्या टोळीत पहार धरून सरळ भोक पाडणारा मी एकटा, आणि टोळीप्रमुख गाबित आगांच्या डोळ्यांत खुपतं ते माझंच. आजही तेच. उणे सव्वीस, वारा थेट तोंडावर. एकेका खुंटीपाशी बारा कान, म्हणजे जमिनीतला आवाज ऐकणाऱ्या डब्या. प्रत्येकाला आधी गोठलेल्या जमिनीत पहारीने भोक, मग खिळा दाबायचा, मग भोवती बर्फ लोटायचा. ओंगार आणि मी मिळून दिवसाला तीस खुंट्या करतो. म्हणजे तीनशेसाठ वेळा वाकणं. त्यातला एक कललेला निघाला की आगा तो उपटून माझ्या हातात ठेवतात आणि पुढे चालू लागतात. बोलत नाहीत. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आईने परवा फोनवर विचारलं, "तू तिथे नक्की करतोस काय?" म्हटलं, जमिनीला कान लावतो. लांबवर जड गाड्या जमीन थरथरवतात, तो आवाज खोल जाऊन परत येतो, तो आमच्या डब्यांना ऐकू येतो. डबीला खाली खिळा असतो, तो जमिनीत सरळ रुतला पाहिजे.

आई म्हणाली, "आणि ह्याचे पैसे देतात?"

देतात. पण कंबर आपली जाते.

ओंगार म्हणतो, "अरालच्या माशा, तुला वाकायची सवय नाही. तुम्ही लोक पाण्यावर आडवे पडून राहायचात." तो मांगिस्ताऊचा. त्याच्या मते जगात माणसं फक्त तिथेच होतात, बाकी सगळीकडे गर्दी होते.

१४ जानेवारी

केबलचं तुटलेलं टोक द्यायला बाईंच्या चाकांवरच्या डब्यात गेलो होतो. रिम्मा अर्काद्येव्हना. पूर्ण नाव घेईपर्यंत जीभ गोठते, म्हणून माझ्या वहीत त्या बाईच. एकसष्ट वर्षांच्या. आमच्या कानांनी ऐकलेलं कागदावर रेघांत उमटतं, ते वाचणं त्यांचं काम. सिगारेट विझली तरी ओठांत तशीच असते.

म्हणाल्या, "तूच ना तो अबझाल? वाकडेवाला?"

म्हणजे आगांनी इथपर्यंत पोचवलंय.

मी चिडून विचारलं की एक कान थोडा कलला तर असं काय आभाळ कोसळतं. त्या रागावल्या नाहीत. टेबलावरचा पाव उचलून उभा केला.

"हे मीठ. आपल्या पायाखाली पाच किलोमीटरवरून वर चढलंय. माथा रुंद, खालची बाजू आत वळलेली. अळंब्यासारखं. आता तू माथ्यावर उभा आहेस. तुला बाजूची भिंत दिसेल?"

"नाही."

"छपरावर बसून घराची भिंत दिसत नाही. मग काय करशील?"

"खाली उतरून लांब जाईन."

"तेच. लांब जायचं." त्यांनी पावापासून टेबलाच्या पार कडेपर्यंत बोट नेलं. "आवाज खोल जातो, जाता जाता वळतो, भिंतीला बाजूने धडकतो आणि फार लांब वर येतो. तुमच्या ओळीचं उत्तरेचं टोक आहे ना, तिथे. भिंतीचा आवाज फक्त त्या टोकाला ऐकू येतो. बाकी बारा किलोमीटर नुसती तयारी."

भिंतीला टेकून तेल साठतं म्हणे. विहीर भिंतीच्या जवळ हवी, पण भिंतीत नको. मिठात शिरली की मीठ पाइप आवळून धरतं, मग ना पाइप निघतो ना तेल.

"म्हणून भिंत कुठे आहे ते नेमकं कळलं पाहिजे. कुठला तू?"

"अरालचा."

"म्हणजे मिठातलाच," म्हणाल्या, आणि पावाच्या भिंतीला लोणी लावून अर्धी मला दिली.

१७ जानेवारी

आज जे केलं ते लिहून ठेवतो. चूक की बरोबर, कळत नाही.

उत्तरेच्या टोकाकडे निघालो. मोजणीवाल्यांनी शरदातच खुंट्या ठोकून ठेवल्यात, आम्ही नुसतं एकामागून एक जायचं. दहा वाजता ओंगार थांबला. म्हणाला, "अबझाल, ही ढेकळं नाहीत रे."

बर्फाखालून छोटे छोटे उंचवटे. चारेकशे मीटरपर्यंत. इतके छोटे की मला वाटलं जुना मेंढवाडा पडलाय. वीट नाही, दगड नाही, चंद्रकोर नाही. आणि मधून आमच्या आठ खुंट्या रांगेत, लाल फडकी लावलेल्या.

गाबित आगा ट्रकमधून उतरले. गुडघ्यांवर बसले, ओठ हलले, तळहात चेहऱ्यावरून फिरवले. आम्ही सात जणांनीही तसंच केलं. मग मी विचारलं, "कोणाच्या आहेत?"

"लोकांच्या."

"कधीच्या?"

"माझी आई सात वर्षांची होती तेव्हाच्या."

"साथ आली होती का?"

"नाही. साथ नव्हती."

मग एवढे एकदम कसे गेले, आणि एवढे लहान खड्डे कसे, विचारणार होतो. पण वारा फार होता आणि आगा पाठ करून उभे होते.

ओंगार म्हणाला, "साहेबांना विचारू या. मोजणीवाला येईल, रीतसर ओळ वळवून देईल."

"मोजणीवाला अतिरौला, शहरात. यायला दोन दिवस," आगा म्हणाले. "आणि साहेबांना गेल्या वर्षी विचारलं होतं." गेल्या वर्षी मी नव्हतो. ओंगार होता. नंतर त्याने सांगितलं की तळाचे मुख्य रुस्तेम साहेब म्हणाले होते, ह्या स्टेपच्या माळावर जिथे पाय ठेवाल तिथे कोणीतरी मेलेलंच आहे, केबल आभाळाला टांगू का? आणि आगांनी स्वतःच्या हाताने कबरींमध्ये कान रोवले होते.

तर आज आगांनी केबल कबरस्तानाला वळसा घालून नेली. धनुष्यासारखी. पण केबल तेवढीच आणि वाट लांब, मग पलीकडे गेल्यावर प्रत्येक कान आपल्या खुंटीच्या अलीकडेच पडायला लागला. मोजला नाही, पण दोनेकशे मीटर तरी अलीकडे. तपासणीची गाडी उद्या ओळीवरून जाणार, तिला प्रत्येक खुंटीपाशी कान दिसायला हवेत. म्हणून खुंट्या उपटून कानांपाशी आणून ठोकल्या. गोठलेली खुंटी एकट्याने निघत नाही. एकाने हलवायची, दुसऱ्याने ओढायची.

कबरस्तानापासून ओळीच्या शेवटापर्यंत चौतीस.

१८ जानेवारी

तपासणीवाला आला, गाडीतूनच बघून गेला. दुपारभर जमीन थरथरली. मग कान उचलले, केबल गुंडाळली, आणि आगा म्हणाले, "खुंट्या जिथल्या तिथे." सगळ्या परत जुन्या भोकांत. आता कोणी आलं तरी काही कळायचं नाही.

आगा एकटे मागे राहिले. आम्ही ट्रकमध्ये दोन तास कुडकुडत बसलो. त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी होती. स्वयंपाकीणबाईंच्या पातेल्यातून मेंढीच्या घोट्याची हाडं जमवतात ते नातवंडांच्या खेळासाठी. लाल रंगाने रंगवून ठेवतात. ओंगार म्हणाला, "म्हातारा कबरीपाशी खेळत बसलाय की काय?" परत आले तेव्हा मिशांवर बर्फ होतं आणि श्वास लागला होता. मी हात देऊन वर घेतलं. पिशवी बहुतेक पडली कुठेतरी, हातात नव्हती. विचारलं नाही.

२३ जानेवारी

चार दिवस बुरान, नुसतं बर्फाचं वादळ. डब्याचं दार उघडत नव्हतं. लिहिण्यासारखं काही नाही. झोपणं, चहा, ओंगारचं घोरणं, ओंगारचं जागेपणीचं बोलणं. त्यापेक्षा घोरणं बरं.

आज बाईंनी बोलावलं. कागदाची लांब पट्टी पसरली होती. एका जागी रेघांना पायरी पडलेली, जिना उतरताना एक पायरी चुकावी तशी.

"इथून शेवटापर्यंत. उत्तरेच्या टोकाची जमीन कशी होती?"

"गोठलेली."

"वाळू? भुसभुशीत?"

"असेल."

"असेल की होती?"

मी म्हटलं, मी सातवीत शाळा सोडली, मला वाळूतलं कळत नाही. बाईंनी कागदावरच्या पायरीवर बोट ठेवलं. मग आपल्याशीच बोलावं तसं म्हणाल्या, "वाळू असती तर आवाज दोन्हीकडून उशिरा पोचला असता. इथे दक्षिणेकडून हलवलं की लवकर येतो, उत्तरेकडून हलवलं की उशिरा. एकोणतीस वर्षांत अशी वाळू मी पाहिली नाही."

मला त्यातलं काही समजलं नाही. पण बाहेर पडलो तेव्हा टोपीखाली घाम होता.

दारात त्या म्हणाल्या, "आठवलं काही तर ये. चहा असतोच."

२६ जानेवारी

मोजणीवाला आला, आकाशातून जागा सांगणारं यंत्र घेऊन. बाईंनीच बोलावला. उत्तरेच्या सगळ्या खुंट्या तपासून आला. सगळ्या जागेवर, बोटभरही फरक नाही.

जेवताना रुस्तेम साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बघितलंत रिम्मा अर्काद्येव्हना? खुंट्या ठीक, यंत्रं ठीक. वाळू आहे. वाळूचा दोष वजा करा आणि मोकळ्या व्हा."

बाई म्हणाल्या, "वजा केला तर भिंत सरळ उभी दिसेल. मला ती बाहेर झुकलेली दिसतेय."

"बाकीच्यांना नाही दिसत."

"बाकीचे बघत नाहीत."

साहेब हसले. आमच्यातलेही दोघे हसले. आगा ताटातलं मांस चिरत होते, सुरी तशीच थांबली, मग परत चालू.

२९ जानेवारी

साहेबांच्या डब्यामागे केबल दुरुस्त करत बसलो होतो. पत्र्याला कान लावायची गरज नाही, सगळं आपोआप ऐकू येतं.

"सहा तारखेला चित्र शहरात गेलं पाहिजे. विहिरीची जागा त्यावरून ठरणार. सही करा."

"चुकीच्या चित्रावर सही करत नाही."

"मग दुसरं कोणी करेल. तुमची वयोमर्यादा सहा वर्षांपूर्वी उलटलीय. मी तुम्हाला ठेवलंय. सही नसेल तर सात तारखेच्या गाडीने घरी."

मग बाईंचा आवाज, "आणि विहीर मिठात गेली तर?"

"तेव्हा बघू."

"तेव्हा तिथे वीस माणसं उभी असतील, रुस्तेम."

त्या दार उघडून बाहेर आल्या. मला बघितलं. ओठांतली सिगारेट काढून बर्फात टाकली. ती पेटलेलीच नव्हती. म्हणाल्या, "जोड नीट बसव, ओल जाईल," आणि गेल्या.

३० जानेवारी

सांगून टाकू का, ओंगारला विचारलं. म्हणाला, "गप्प बस."

"त्यांना घरी पाठवतायत, आपल्यामुळे."

"त्यांना पेन्शन आहे. आगांना पेन्शनवर निघायला दीड वर्ष आहे, आणि काढून टाकलं तर काहीच नाही. तुला पेन्शन आहे? मला आहे? टोळीचा बोनस जाईल तो वेगळाच. आणि एक सांग, तू सांगितलंस की साहेब काय करतील माहितेय? ओळ पुन्हा घालायला लावतील. ह्या वेळी सरळ. त्या पोरांच्या डोक्यावरून."

"कुठली पोरं?"

ओंगार माझ्याकडे बघतच राहिला. "तुला खरंच काही कळत नाही, नाही का?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

दिवसभर दोघांत मिळून बावीस खुंट्या झाल्या. आगांनी माझे पाच कान उपटून हातात दिले. पाचही वाकडे होते. आज वाद घातला नाही.

१ फेब्रुवारी

आगांकडे गेलो. ते ट्रकच्या चाकाला साखळी बांधत होते. मी दुसरं टोक धरलं.

"आगा, बाईंना घरी पाठवतायत."

"ऐकलं."

"मी जाऊन सांगू का?"

साखळी ओढून झाल्यावर म्हणाले, "सांगायचं असेल तर मला विचारू नकोस. विचारलंस तर मला नको म्हणावं लागेल. सात जणांची चूल आहे माझ्या मागे."

"मग तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर मी सात जणांना विकलं. तू सांगितलंस तर तुझ्या तोंडाला कुलूप नाही, एवढंच. पोरगा आहे, वाकडा आहे, म्हणतील." हसल्यासारखं केलं. "तिकडून धर. सैल राहिली."

म्हणजे सांगू की नको? म्हातारी माणसं सरळ बोलत का नाहीत? सरळ बोलले असते तर मी सरळ ऐकलं असतं. आणि सरळ कान लावायला मलाच शिकवतात.

२ फेब्रुवारी

सांगितलं.

दारात उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. कबरस्तान, वळसा, उपटलेल्या खुंट्या, परत ठोकलेल्या. बाईंनी मध्येच थांबवलं, "दार लाव, ऊब जातेय."

मला वाटलं होतं चकित होतील. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

"मला नावं नकोत," म्हणाल्या. "नावांचा मला उपयोग नाही. मला जागा हव्यात. कान नक्की कुठे होते? दोनेकशे मीटर म्हणजे किती? एकशेनव्वद की दोनशेतीस? त्यात भिंत इकडची तिकडे होते."

"आता कसं सांगणार? वर चार दिवसांचं बुरान पडून गेलंय."

"मग ओळ पुन्हा घालावी लागेल. आणि रुस्तेम वळसा घालू देणार नाही." किटलीत पाणी ओतत म्हणाल्या, "आणि कबरींवरून ओळ मलाही नकोय."

"तुम्हाला माहीत होतं कबरी आहेत ते?"

"जुन्या नकाशावर तिथे गाव आहे. सन तीसच्या. सन पस्तीसच्या नकाशावर नाही. मधे भुकेची वर्षं गेली." किटली शेगडीवर ठेवली. "मोजणीवाला उद्या संध्याकाळपर्यंत इथे आहे. ओंगारला घेऊन त्याच्याबरोबर जा. खिळ्यांची भोकं शोधा. सापडली तर सापडली."

३ फेब्रुवारी

बर्फ झाडू झाडू हात बधिर झालेत, तरी लिहितो.

ओंगार यायला तयार नव्हता. मोजणीवाल्याच्या गाडीत बसला तेव्हाही माझ्याशी नाही, गाडीशी बोलत होता. कबरस्तानाच्या वळणापाशी उतरलो. फावड्याने बर्फ सारायला लागलो. अर्धा तास नुसती गोठलेली माती. भोक काही दिसेना. मोजणीवाला गाडीत बसून मजा बघत होता.

मग फावड्याला काहीतरी लागलं. लाल. मेंढीच्या घोट्याचं हाड, मातीत अर्धं ठोकलेलं. बाजूलाच खिळ्यांची बारा भोकं.

पन्नास मीटर पुढे सारलं. दुसरं हाड. बाजूला बारा भोकं. पुढे तिसरं.

मी म्हटलं, "बरं झालं. मेंढपाळाची पोरं खेळून गेलेली दिसतात."

ओंगार कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "दर पन्नास मीटरला?"

"खेळत पुढे गेली असतील."

"अबझाल, तू खरंच सातवी पास आहेस?"

"नापास."

"तेच म्हटलं," म्हणाला. आणि मग काही बोललाच नाही. दिवसभर! ओंगार! हाड दिसलं की टोपी मागे सारायचा, मोजणीवाल्याला हात करायचा. तो यंत्र लावून आकडा घ्यायचा. एकही हाड ओंगारने जागचं हलवू दिलं नाही. मी एक उचलायला गेलो तर मनगट धरलं.

चौतीस हाडं. सगळी मिळाली. शेवटचं कान होता तिथून वीतभर लांब होतं, पण तिथली जमीन खडकाळ आहे.

खुंटीपासून दोनशे अठ्ठावीस मीटर अलीकडे, मोजणीवाल्याने सांगितलं.

६ फेब्रुवारी

बाई दोन दिवस डब्यातून बाहेर आल्या नाहीत. स्वयंपाकीणबाई दारात ताट ठेवून यायच्या, तसंच परत आणायच्या. आज सकाळी बाई कागद घेऊन साहेबांकडे गेल्या.

मग आम्हाला सगळ्यांना बोलावलं. कागद टेबलावर पसरलेला होता. मला त्यातलं काही कळत नाही, पण ह्या वेळी रेघांना पायरी नव्हती. मधली काळी पट्टी वरून खाली येताना आत वळत होती. पावासारखी.

"भिंत झुकलेली आहे," साहेब म्हणाले. आनंदाने नाही. "विहीर ठरली होती तिथे घेतली असती तर माथ्याच्या कडेतून थेट मिठात गेली असती. ठीक. चित्र आजच जाईल, रिम्मा अर्काद्येव्हनांच्या सहीने. आता दुसरं. चौतीस ठिकाणचे कान दोनशे अठ्ठावीस मीटर सरकले. आपोआप सरकले का?"

बाई म्हणाल्या, "त्याची गरज नाही. काम झालंय."

"मला आहे."

मी पाय पुढे टाकणार होतो. खरंच टाकणार होतो. पण आगा माझ्या पुढेच उभे होते आणि ते जरासे बाजूला सरकले, तेवढ्याने माझी वाट अडली. म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून."

"कोणी कोणी केलं?"

"मी सांगितलं म्हणजे मी केलं."

"कारण?"

आगांनी टोपी सारखी केली. "गेल्या वर्षी विचारलं होतं, साहेब."

हाडांचा विषय कोणी काढला नाही. आगांनीही नाही. ओंगार तोंड उघडणार होता, आगांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं.

तासाभराने पाण्याच्या टँकरबरोबर त्यांना कायमचं घरी पाठवलं. एक गाठोडं, लोकरी बुटांचा एक जोड. मी गाठोडं वर चढवलं. म्हटलं, "आगा, मी नावं नाही घेतली."

"माहीत आहे."

"तुम्ही रागावलात?"

"पुन्हा उत्तरेला जाल तेव्हा ओढ्यावरून ट्रक नेऊ नका," म्हणाले. "वर बर्फ आहे, खाली खारं पाणी. ते नीट गोठत नाही. वरच्या बाजूने फिरून जा."

टँकर गेला. मग आठवलं, त्यांची हाडांची पिशवी राहिली असेल म्हणून त्यांच्या फळीखाली बघितलं. नव्हती.

९ फेब्रुवारी

साहेबांनी मला टोळीप्रमुख केलं. म्हणाले, निदान तू खरं बोलतोस. बाईंनी त्यांना कधी आणि काय सांगितलं, माहीत नाही. की त्यांनीच ताडलं.

मी नको म्हटलं. साहेब म्हणाले, मग बाहेरून माणूस आणतो, तो तुमची कातडी सोलेल. ओंगार म्हणाला, "घे. आता तरी आम्हाला तुझे वाकडे बघायला मिळतील." हसला नाही.

टोळी माझं ऐकते. सांगितलं ते करते. जेवताना माझ्या शेजारची जागा रिकामी राहते, एवढंच. बाईंच्या डब्यात चहाला गेलो होतो. त्यांनी पाव कापला आणि म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही." मग लोणी लावत, "त्यांचंही नाही."

१९ फेब्रुवारी

ओढ्याच्या वरच्या बाजूने फिरून गेलो. पाऊण तास जास्त लागला. सगळे वैतागले. दुसऱ्या टोळीचा ट्रक सरळ गेला आणि पुढची दोन्ही चाकं खाली. माणसं वाचली, ट्रक अजून तिथेच आहे.

आज एका पोराचा कान वाकडा होता. उपटून त्याच्या हातात दिला आणि पुढे चालायला लागलो. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की मी काही बोललोच नाही. पण बोलायचं तरी काय असतं? वाकडा आहे ते त्यालाही दिसतंच की.

२८ फेब्रुवारी

पगार झाला. कुलसारी गावात आलो, ओंगारही आला. हमामात गेलो. अंगावरून तीन थर निघाले. मग पोस्टात.

रांगेत ओंगारने माझ्या हातातला मनीऑर्डरचा दुसरा फॉर्म वाचला. वर गाबित आगांचं नाव, माकातचा पत्ता. ट्रकवाल्याकडून मिळवला होता.

"घेणार नाहीत ते."

"मग परत येतील."

"आणि परत आले की?"

"पुन्हा पाठवीन."

"दर महिन्याला?"

"प्रमुखाचा पगार माझ्या जुन्यापेक्षा जेवढा जास्त आहे, तेवढेच आहेत. माझे नाहीतच ते."

ओंगार थोडा वेळ जिभेने दात चाचपत राहिला. "घोट्याच्या हाडांचं तुला कळलं का रे शेवटी?"

"कशाचं?"

"काही नाही," म्हणाला. "राहू दे. तुझा नंबर आला."

खिडकीत तरुण मुलगी होती, ओठ रंगवलेली. दोन्ही फॉर्म उलटसुलट केले. "एक आईला, अरालला. बरं. आणि हा माकातला कोण?"

"आगा."

"सख्खे काका?"

"नाही."

"उसने घेतले होते?"

"नाही."

"मग कशाबद्दल लिहू? इथे काहीतरी लिहावं लागतं."

मागे रांग वाढली होती. एक म्हातारी काठी आपटून म्हणाली, "अगं पोरी, पैसे देतोय, मागत नाहीये! एवढी जबानी तर नवऱ्याची घेत नाहीत. मार शिक्का."

मुलीने तोंड वाकडं करून शिक्का मारला. पावत्या वहीत चिकटवल्यात. आईला नेहमीचे अठरा हजार. गाबित आगांना अकरा हजार चारशे टेंगे.